स्मरणशक्तीचे टॉनिक

२०२४ सालच्या नोव्हेंबर महिन्यातील गोष्ट. दिवाळी आटोपून पंधरवडा झाला असेल. संध्याकाळच्या गर्दीत बदलापूरचे एक गृहस्थ आपल्या मुलीला घेऊन माझ्या अंबरनाथच्या दवाखान्यात आले. मुलगी अठरा वर्षांची. बारावी झालेली, ‘नीट’ परीक्षेत गुण कमी पडले म्हणून एक वर्ष थांबून पुन्हा तयारी करणारी. डोके दुखते, छातीत धडधडते, जिना चढला की दम लागतो, अशा तिच्या तक्रारी होत्या. वडिलांची मुख्य मागणी मात्र वेगळीच होती.

“मॅडम, ही रोज चौदा-चौदा तास अभ्यास करते. पण वाचलेलं डोक्यात राहत नाही म्हणते. स्मरणशक्तीचं एखादं चांगलं टॉनिक लिहून द्या. महाग असलं तरी चालेल.”

“महाग असलं तरी चालेल” असे जो म्हणतो त्याला ते बहुधा परवडणारे नसते, हा माझा तीस वर्षांचा अनुभव आहे. क्लासच्या फीसाठी पतपेढीचे कर्ज काढले होते आणि आईच्या पाटल्या मोडल्या होत्या, हे बोलता बोलता कळलेच.

मुलीच्या हातात जीवशास्त्राचे पुस्तक होते. नंबर येईपर्यंत बाकावर बसूनही ती वाचत होती. मी ते पाहायला मागितले. पानेच्या पाने पिवळ्या शाईने रंगवलेली. हृदयाचे प्रकरण उघडून मी विचारले, “हे किती वेळा वाचलंस?”

“सहा वेळा.”

मी पुस्तक मिटून टेबलावर उपडे ठेवले. “आता मला सांग, पायाच्या शिरेतला रक्ताचा थेंब फुप्फुसापर्यंत कसा पोहोचतो?”

तिने सुरुवात बरी केली. उजव्या कर्णिकेपर्यंत थेंब आला आणि तेथेच अडकला. पुढची झडप कोणती, ते आठवेना. तिचे डोळे भरून आले. म्हणाली, “पुस्तक बघितलं की सगळं येतं हो, मॅडम!”

वाचकहो, आजचा सारा लेख या एका वाक्यावर आहे. पुस्तक समोर असताना सगळे येते आणि ते मिटले की काही येत नाही, या तक्रारीवर बाजारात टॉनिक मिळत नाही. परंतु उपाय आहे. तो फुकटचा आहे आणि उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या आपल्या तिन्ही गावांत, एका खोलीच्या घरातही करता येण्याजोगा आहे.

परीक्षा बदलली, अभ्यास तोच राहिला

आमच्या वेळी बारावीच्या गुणांवर वैद्यकीय प्रवेश मिळत असे. पुढे १९९९ पासून महाराष्ट्रात सीईटी आली. देशभरासाठी एकच अशी ‘नीट’ प्रथम २०१३ साली झाली आणि मध्ये खंड पडून २०१६ पासून पुन्हा सुरू झाली. २०२५ सालच्या परीक्षेचे स्वरूप असे होते: १८० प्रश्न, १८० मिनिटे, ७२० गुण. भौतिकशास्त्राचे ४५, रसायनशास्त्राचे ४५ आणि जीवशास्त्राचे ९० प्रश्न. बरोबर उत्तराला चार गुण, चुकीच्या उत्तराला एक गुण वजा. त्या वर्षी सुमारे २२ लाख मुलामुलींनी ही परीक्षा दिली, आणि एमबीबीएसच्या जागा देशभरात सव्वा लाखाच्या आसपास होत्या.

९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यातील दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले. त्यांत १०० जागांचे अंबरनाथचे महाविद्यालयही होते. तेव्हापासून आपल्या भागातील घराघरांत एक नवी आशा निर्माण झाली आहे. आशा चांगलीच असते. पण तिच्यापोटी मुलांचे अभ्यासाचे तास तेवढे वाढतात, पद्धत जुनीच राहते. सकाळपासून रात्रीपर्यंत वाचायचे, अधोरेखित करायचे, आणि पुन्हा वाचायचे.

ओळख म्हणजे आठवण नव्हे

आपल्या इमारतीतील एखादा शेजारी रोज जिन्यात दिसतो. चेहरा पाहिला की आपण ओळखतो. पण घरी आल्यावर कोणी विचारले की त्यांच्या शर्टाचा रंग कोणता होता, तर सांगता येत नाही. ओळखणे आणि आठवणे या मेंदूच्या दोन वेगळ्या क्रिया आहेत. तेच पान दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा वाचताना ते ओळखीचे वाटते, डोळे भराभर पुढे सरकतात, आणि मनाला वाटते की आता हे आले. खरे तर आलेले नसते, फक्त ओळखीचे झालेले असते.

हे केवळ माझे मत नव्हे. अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या रोडिगर आणि कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो दोनदा वाचला. काहींनी एकदा वाचला आणि नंतर उतारा बाजूला ठेवून आठवेल तेवढे कागदावर लिहून काढले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा दोनदा वाचणारे पुढे होते. त्यांना ८१ टक्के आठवले, तर लिहून काढणाऱ्यांना ७५ टक्के. पण एका आठवड्याने परीक्षा घेतली तेव्हा पारडे फिरले. दोनदा वाचणाऱ्यांच्या डोक्यात ४२ टक्के उरले होते आणि लिहून काढणाऱ्यांच्या ५६ टक्के.

यातील पाच मिनिटांचा निकाल पालकांनी आणि मुलांनी विशेष लक्षात घ्यावा. पुन्हा पुन्हा वाचण्याने लगेच बरे वाटते, म्हणूनच ती सवय सुटत नाही. आठवून लिहिताना मात्र त्रास होतो, आपले अज्ञान उघडे पडते, आणि मुलाला वाटते की हा अभ्यास नीट होत नाही. वस्तुतः तो त्रास म्हणजेच अभ्यास. व्यायामाने स्नायू दुखतात, तसेच हे.

२०१३ साली डनलॉस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा पद्धतींची छाननी केली. अधोरेखन आणि पुनर्वाचन यांना त्यांनी खालच्या श्रेणीत टाकले. वरच्या श्रेणीत दोनच पद्धती बसल्या: स्वतःची परीक्षा घेणे आणि अंतर ठेवून उजळणी करणे.

पुस्तक मिटून करायचा अभ्यास

आता प्रत्यक्ष कसे करावे ते पाहू.

एक. वीस-पंचवीस मिनिटे एक भाग समजून घेत वाचावा. मग पुस्तक मिटावे. जुन्या वहीच्या कोऱ्या पाठीवर आठवेल ते लिहावे; आकृती काढावी, नावे द्यावीत. अडले तरी लगेच पुस्तक उघडू नये, दोन मिनिटे डोके खाजवावे. त्यानंतर पुस्तक उघडून राहिलेले आणि चुकलेले लाल शाईने लिहावे. दुसऱ्या दिवशी फक्त लाल शाईचे आठवून पाहावे.

दोन. उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधील एका मुलाची युक्ती मला फार आवडली. घराच्या खाली शिलाईची यंत्रे सकाळी दहापासून धडधडतात आणि दुपारी त्याला वडिलांच्या दुकानात गल्ल्यावर बसावे लागते. त्याने जुन्या बिलबुकांची पाने कापून चिठ्ठ्या केल्या. एका बाजूला प्रश्न, पाठीमागे उत्तर. गिऱ्हाईक नसले की खिशातून चिठ्ठी काढायची, उत्तर मनात सांगायचे आणि मग पाठ उलटायची. आलेली चिठ्ठी डाव्या खिशात, न आलेली उजव्या. रात्री उजवा खिसा रिकामा करूनच झोपायचे. पहाटे शांततेत गणिते आणि नवा भाग, दुपारी चिठ्ठ्या. घरात आवाज आहे म्हणून अभ्यास होत नाही, असे तो कधी म्हणाला नाही.

तीन. क्लाससाठी कल्याण, ठाणे, दादरला जाणाऱ्यांचा मोठा वेळ लोकलमध्ये जातो. गर्दीत पुस्तक उघडता येत नाही. उत्तम! पुस्तक न उघडता करायचा अभ्यास तेथेच करावा. बदलापूरला गाडी सुटली की एक प्रश्न मनात घ्यावा, अंबरनाथ येईपर्यंत त्याचे उत्तर संपूर्ण सांगावे. अंबरनाथ ते उल्हासनगर दुसरा, उल्हासनगर ते विठ्ठलवाडी तिसरा, विठ्ठलवाडी ते कल्याण चौथा. अडलेला प्रश्न कल्याणला उतरल्यावर हातावर लिहून ठेवावा. मात्र फलाटावर आणि गाडीत चढता-उतरताना अभ्यास नको. दारात लटकून तर मुळीच नको.

चार. भौतिकशास्त्राच्या गणितांनाही हाच नियम. सोडवलेले उदाहरण वाचून “कळले” म्हणणे म्हणजे दुसऱ्याला पोहताना पाहून पोहायला आले म्हणण्यासारखे आहे. उत्तर झाकून गणित स्वतः सोडवावे. सराव परीक्षेतील प्रत्येक चुकीसमोर कारण लिहावे: माहीत नव्हते, आठवले नाही, प्रश्न नीट वाचला नाही, की हिशेब चुकला. केवळ अंदाजाने बरोबर आलेल्या उत्तरांवरही खूण करावी. दैवाने मिळालेले गुण परीक्षेत पुन्हा मिळतीलच असे नाही.

विसरणे हा रोग नव्हे

“विसरायला होतं” म्हणून येणारी बहुतेक मुले पूर्ण निरोगी असतात. जर्मन शास्त्रज्ञ एबिंगहाउस यांनी १८८५ साली स्वतःवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. अर्थहीन अक्षरे पाठ करायची आणि किती काळाने किती उरते ते मोजायचे. एका तासात निम्म्याहून अधिक आणि एका दिवसात सुमारे दोन-तृतीयांश भाग निसटत असे. हा त्यांच्या मेंदूचा दोष नव्हता. मेंदू ज्या गोष्टीची पुन्हा गरज पडत नाही ती सोडून देतो. गरज आहे हे त्याला कसे कळावे? आपण ती गोष्ट पुन्हा मागितली की!

म्हणून उजळणी एकदम न करता अंतर ठेवून करावी. मी मुलांना सोपा हिशेब सांगते. आज शिकलेले उद्या आठवून पाहा, मग चौथ्या दिवशी, मग दहा दिवसांनी, मग महिन्याने. थोडे विसरायला लागल्यावर आठवलेले पक्के बसते. कुंडीतल्या झाडाला महिन्याचे पाणी एकाच दिवशी घातले तर ते वाहून जाते आणि झाड वाळते. तसेच एका रविवारी सबंध रसायनशास्त्र उरकण्याचे आहे. तीन विषय रोज आलटून पालटून घ्यावेत, एकाच विषयावर आठवडा घालवू नये.

झोप हाही अभ्यासच

त्या मुलीला मी झोपेविषयी विचारले. रात्री दोनला झोपायची, सहाला उठायची. जागे राहण्यासाठी दिवसभरात सात-आठ कप चहा आणि रात्री डब्यातले उत्तेजक पेय. धडधड कशाने होते, हे कळायला फार तपासण्यांची जरुरी नव्हती.

दिवसभरात शिकलेले प्रथम मेंदूच्या हिप्पोकॅम्पस नावाच्या छोट्या भागात नोंदले जाते. गाढ झोपेत त्या नोंदींची उजळणी होते आणि त्या मेंदूच्या बाह्य भागात कायमच्या जागी लागतात. दुकानदार रात्री शटर ओढून दिवसभराची रोजमेळ खतावणीत उतरवतो, तसा हा प्रकार. शटर ओढलेच नाही, तर हिशेब उतरवणार कधी? चार तासांच्या झोपेत माल येत राहतो आणि जागेवर लागत नाही. चौदा ते सतरा वयाच्या मुलांना आठ ते दहा तास आणि त्यापुढच्या तरुणांना सात ते नऊ तास झोप लागते. प्रवेश परीक्षेचे वर्ष म्हणून शरीर सवलत देत नाही.

चहा-कॉफीतील कॅफिन झोपेची जाणीव दाबते, झोपेची गरज भागवत नाही. शरीरातील निम्मे कॅफिन जायला साधारण पाच तास लागतात. रात्री आठच्या चहाचा अर्धा भाग एक वाजताही रक्तात असतो. म्हणून दुपारी चारनंतर चहा बंद. मित्रांकडून मिळणाऱ्या झोप उडवणाऱ्या गोळ्यांना तर हातही लावू नये. त्यांनी हृदयाची लय बिघडू शकते आणि काहींचे व्यसन लागते.

येथे माझी स्वतःची गोष्ट सांगते. बारावीच्या सहामाही परीक्षेच्या वेळी मी भौतिकशास्त्राच्या पेपरच्या आदल्या रात्री पूर्ण जागले. सकाळी पेपर हातात आला आणि रोजची सूत्रे आठवेनात. साधे लोलकाचे गणित मला सुटले नाही. त्यानंतर आईने फर्मान काढले. आमची खोली एकच आणि दिवाही एकच. वडिलांची कारखान्यात सकाळची पाळी. रात्री साडेदहाला दिवा बंद म्हणजे बंद. मी रडले, भांडले. पण इलाज नव्हता. अंधारात पडल्या पडल्या मी दिवसभर वाचलेले मनात सांगू लागले. जेथे अडे ते सकाळी उठून पाहायचे. सांगता सांगता झोप लागायची. मला तेव्हा वाटे, दिवा असता तर मी किती पुढे गेले असते! पुढे डॉक्टर झाल्यावर कळले की मला वैद्यकीय महाविद्यालयात त्या अंधारानेच पोहोचवले. आठवून पाहणे आणि झोपणे ही दोन्ही औषधे आईने नकळत एकाच पुडीत बांधून दिली होती.

टॉनिक नव्हे, हिमोग्लोबिन

पुन्हा त्या मुलीकडे वळू. तिच्या पापण्या आतून पांढुरक्या दिसत होत्या. रक्त तपासले, हिमोग्लोबिन ८.६. या वयाच्या मुलीचे ते किमान १२ असायला हवे. म्हणजे दम, डोकेदुखी, लक्ष न लागणे याचे एक कारण रक्तातच होते. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील १५ ते १९ वयोगटाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुली रक्तक्षयाच्या आढळल्या. शंभरात एकोणसाठ! मुलीचा अभ्यास होत नाही म्हणून क्लास बदलण्याआधी तिचे रक्त तपासावे, अशी माझी पालकांना कळकळीची विनंती आहे. पाळीच्या वेळी फार रक्तस्राव होतो का, हेही आईने विचारावे. मुली आपण होऊन सांगत नाहीत.

लोहाच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने तीन महिने तरी घ्याव्या लागतात. त्यांनी शौचास काळे होते, त्याने घाबरू नये. जंताचे औषधही बरोबरीने विचारून घ्यावे. आहारात पालेभाज्या, मोड आलेली कडधान्ये, बाजरी, हळीव, खजूर असावेत. जेवणात लिंबू पिळावे, त्याने लोह अंगी लागते. जेवणाबरोबर किंवा जेवणानंतर लगेच चहा घेऊ नये, त्याने लोह वाया जाते. चहा आणि जेवण यांत निदान एक तासाचे अंतर असावे.

बदाम, तूप, ब्राह्मी यांविषयी पालक विचारतात. परवडत असेल तर बदाम खावेत, अन्न म्हणून ते चांगलेच आहेत. पण बदाम खाल्ल्याने न वाचलेले आठवत नाही. जाहिरातीतील महागड्या बाटलीपेक्षा रोज दोन वेळचे जेवण वेळेवर होणे, सकाळी उपाशीपोटी लोकल न पकडणे आणि अर्धा तास मोकळ्या हवेत चालणे यांचा उपयोग कितीतरी अधिक होतो.

दुपारी दोन ते पाच

‘नीट’ची परीक्षा २०२५ साली दुपारी दोन ते पाच या वेळेत झाली. मे महिन्याची दुपार, त्यातून आपला बदलापूर-अंबरनाथचा उकाडा. दुपारी दोन-तीनच्या सुमारास शरीराची तरतरी निसर्गतःच थोडी उतरते. वर्षभर रात्री जागणारा आणि दुपारी झोपणारा विद्यार्थी नेमक्या परीक्षेच्या वेळी पेंगतो. म्हणून शेवटचे दोन महिने तरी दुपारची झोप वीस मिनिटांपेक्षा अधिक नको. दर रविवारी दोन ते पाच या वेळेतच घड्याळ लावून सबंध पेपर सोडवावा, तोही पंख्याखाली, खुर्चीवर बसून, मध्ये न उठता.

त्या वर्षी केंद्राचे दार दीड वाजता बंद झाले. वेळेआधी पोहोचायचे तर जेवण साडेदहा-अकरालाच उरकावे लागते. ते हलके असावे. वरणभात, भाजी, ताक चालेल. नवीन पदार्थ, बाहेरचे खाणे नको. सकाळपासून थोडे थोडे पाणी प्यावे. परीक्षा रविवारी असते, आणि रविवार म्हणजे आपल्याकडे मेगाब्लॉक! आदल्या दिवशी वेळापत्रक पाहून ठेवावे. जमल्यास आधीच्या रविवारी केंद्रापर्यंत एकदा जाऊन यावे.

पेपरात एखादा प्रश्न अडला तर त्याच्याशी झुंजत बसू नये. प्रश्नामागे सरासरी एकच मिनिट असते. खूण करून पुढे जावे. छातीत धडधडू लागले तर पेन खाली ठेवून चार आकडे मोजत श्वास आत घ्यावा आणि सहा आकडे मोजत सोडावा. असे पाच-सहा वेळा केले की जीव थाऱ्यावर येतो. तेवढ्याने एखादा प्रश्न बुडेल, पण पुढचे पन्नास वाचतील.

पालकांनो, दाराआडचे बोलणे

त्या संध्याकाळी वडील औषधे आणायला बाहेर गेले तेव्हा मुलगी हळूच म्हणाली, “मॅडम, या वेळीही नाही झालं तर मी घरी कुठल्या तोंडाने जाऊ? आईच्या हातात आता काचेच्याच बांगड्या आहेत.”

मी लेखणी खाली ठेवली. जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येतात का, असे स्पष्ट शब्दांत विचारले. असे विचारल्याने ते विचार मुलांच्या डोक्यात शिरतात, हा गैरसमज आहे. उलट कोणीतरी विचारले म्हणून मन हलके होते. ती म्हणाली, “कधी कधी वाटतं, झोपून उठूच नये.”

मग मी वडिलांना आत बोलावले आणि तिच्या संमतीने तिच्यासमोरच सांगितले. तो माणूस बराच वेळ गप्प बसला. नंतर मुलीकडे न पाहताच म्हणाला, “बाळा, पाटल्या आईने स्वतः काढून दिल्या. तुला विकत नाही घेतलं आम्ही.” मुलगी रडली. वडिलांनीही डोळे पुसले. मी त्यांना मानसोपचारतज्ज्ञांकडे चिठ्ठी दिली आणि ते गेलेही, हे त्यांचे शहाणपण.

पालकांनी काही गोष्टी आवर्जून पाळाव्यात. फीचे आकडे मुलांसमोर उच्चारू नयेत. “शेजारच्याचे किती आले?” हा प्रश्न घरातून हद्दपार करावा. “किती तास बसलास?” याऐवजी “आज काय शिकलास ते मला सांग,” असे म्हणावे. तुम्हाला विषय कळत नसला तरी चालेल. मूल तुम्हाला सांगते तेव्हा ते पुस्तक मिटूनच सांगते, म्हणजे त्याचा खरा अभ्यास तुमच्यासमोर होतो. अर्ज भरतानाच दुसरा आणि तिसरा मार्ग कोणता, हे सर्वांनी बसून ठरवावे. दुसरा मार्ग असला की मूल आळशी होते असे नाही; त्याचा हात परीक्षेत थरथरत नाही.

झोप उडणे, जेवण सुटणे, बोलणे बंद होणे, आवडीच्या वस्तू वाटून टाकणे, “मी नसते तर बरे झाले असते” अशी भाषा, ही लक्षणे दिसली तर थांबू नये. १४४१६ हा शासनाच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा विनाशुल्क दूरध्वनी क्रमांक आहे. २०२२ साली सुरू झालेल्या या सेवेत दिवसरात्र केव्हाही आणि मराठीतूनही बोलता येते. अशा मुलाला एकटे ठेवू नये.

पुढे काय झाले?

मुलीला मी लोहाच्या गोळ्या दिल्या, चहा दोन कपांवर आणला, आणि रात्री अकरा ते सकाळी सहा झोप बांधून दिली. पिवळी पेने मी माझ्या खणात ठेवून घेतली. पहिले पंधरा दिवस ती फार नाराज होती. चौदा तासांचे दहाच तास झाले, आणि कोऱ्या कागदावर निम्मेही उतरत नव्हते. जानेवारीत हिमोग्लोबिन साडेदहावर आले, डोकेदुखी थांबली. फेब्रुवारीत एके दिवशी ती दवाखान्यात शिरली ती बोलतच: पायाच्या शिरेतून निघालेला रक्ताचा थेंब, उजवी कर्णिका, त्रिदल झडप, उजवी जवनिका, फुप्फुसधमनी, फुप्फुस. बाकावरचे रोगी तिच्याकडे बघतच राहिले.

२०२५ च्या मे महिन्यात तिने परीक्षा दिली. गुण वाढले, परंतु शासकीय एमबीबीएसच्या प्रवेशाला पुरले नाहीत. अंबरनाथच्या महाविद्यालयाचे तिचे स्वप्न राहिले, हे मी लपवणार नाही. त्याच गुणांवर तिने फिजिओथेरपीला प्रवेश घेतला आहे. मध्यंतरी वडील रक्तदाब तपासायला आले होते. त्यांचा खांदा आखडला आहे, तर मुलगी रोज रात्री त्यांच्याकडून व्यायाम करून घेते आणि कोणता स्नायू कोठून निघतो हे पुस्तक न बघता सांगते, असे कौतुकाने सांगत होते.

जाताना ती आपली पिवळी पेने परत मागेल असे मला वाटले होते. तिने मागितली नाहीत. ती अजून माझ्या खणात आहेत. यंदा कोणी स्मरणशक्तीचे टॉनिक मागायला आले की मी आधी त्यांचे पुस्तक मिटते, मग पापणी उघडून पाहते, आणि शेवटी विचारते, “काल रात्री किती झोपलास?” वाचकांनी हे तीन प्रश्न आजच आपल्या घरी विचारावेत. त्याला डॉक्टरची फी पडत नाही.